सून गप्प आहे, मोठे दीर रोज फॉरवर्ड करताहेत

नमस्कार,

आम्ही या देशात येऊन वीसेक वर्षं झाली. आधी कामाचा व्हिसा, मग कायमच्या वास्तव्याचा परवाना, मग नागरिकत्व. आता मतदानही करतो. निवडणूक महिन्यावर आली आहे आणि आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं पार रणांगण झालं आहे. माझे मोठे दीर रोज सकाळी स्थलांतरितांबद्दल काहीतरी टाकतात. कधी बोटीतून उतरणाऱ्या माणसांचा व्हिडिओ, कधी कुठल्यातरी गुन्ह्याची बातमी, कधी ‘यांना फुकट घरं आणि आपल्याला करवाढ’. खाली ठरलेलं वाक्य असतं, ‘आम्ही रांगेत उभे राहिलो, हे मागच्या दाराने घुसले.’ मागच्या आठवड्यात माझा पुतण्या त्यांना सगळ्यांसमोर ‘वंशद्वेष्टे’ म्हणाला. तेव्हापासून बाकीचे एकतर अंगठा देतात, नाहीतर गप्प बसतात.

खरी अडचण वेगळीच आहे. माझी सूनही याच ग्रुपवर आहे. ती लहान असताना तिचे आईवडील तिला घेऊन कागदपत्रांशिवाय सीमा ओलांडून आले. पुढे सगळं कायदेशीर झालं, आज ती इथली नागरिक आहे. हे फक्त माझ्या मुलाला, यजमानांना आणि मला माहीत आहे. ती सगळं वाचते, पण एक शब्द बोलत नाही.

ग्रुपची ॲडमिन मी आहे. राजकारणावर सरसकट बंदी घालू का? भाऊजींना आकडे देऊन उत्तर देऊ का? की सरळ सांगून टाकू, की तुम्ही ज्यांना घुसखोर म्हणता त्यांच्यातलीच एक आपल्या घरात आहे? खरं कळलं की ते ओशाळतील असं मला वाटतं.

एक ॲडमिन

(ओळख पटू नये म्हणून पत्रातले काही तपशील बदलले आहेत. देश कोणता हे मुद्दामच छापलेलं नाही.)

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तिथे घाई झाली तर ती निस्तरता येणार नाही. सांगू नका. ग्रुपवर नको, भाऊजींना एकट्याला नको, आडून सुचवणंही नको. सुनेने विश्वासाने सांगितलेली गोष्ट आहे ती. ती कोणाला, कधी आणि किती सांगायची हे फक्त तिने ठरवायचं. ग्रुपवर लिहिलेलं ग्रुपपुरतं राहत नाही. कोणीतरी स्क्रीनशॉट काढतो, कोणीतरी ‘आमच्याच घरातलं उदाहरण’ म्हणून दुसरीकडे सांगतो. ती आज नागरिक आहे, पण तिच्या माहेरच्या प्रत्येकाचं प्रकरण मिटलेलं आहे का, हे तुम्हाला ठाऊक असेलच असं नाही. निवडणुकीच्या तोंडावर, हवा इतकी तापलेली असताना, अशी माहिती सुटी सोडणं तिच्या माणसांना धोक्यात घालणारं ठरू शकतं.

आणि समजा सांगितलंत, तर पुढे काय होईल? भाऊजी ओशाळतील, हे मला मान्य आहे. दोन दिवस ग्रुप शांत राहील. मग ते अगदी मनापासून म्हणतील, ‘अगं, आम्ही तुझ्याबद्दल थोडंच बोलत होतो? तू वेगळी.’ त्यांच्या लेखी ती समजूत असेल. तिच्या लेखी मात्र त्याचा अर्थ असा, की या घरातली तिची जागा ती अपवाद आहे म्हणून आहे. पुढच्या प्रत्येक वादात सगळ्यांचे डोळे तिच्याकडे वळतील. ती सून न राहता पुरावा होऊन बसेल.

तेव्हा पहिलं काम ग्रुपवरचं नाहीच. सुनेशी बोला. मेसेज करू नका, शेजारी बसून बोला. ‘तू हे सगळं वाचतेस ते मला दिसतं. मलाही त्रास होतो. मी काय करावं असं तुला वाटतं?’ एवढं पुरे. ती कदाचित म्हणेल, काहीच करू नका. कदाचित म्हणेल, मला ग्रुपमधून बाहेर पडायचंय पण वाईट दिसेल म्हणून थांबलेय. कदाचित रडेल, कदाचित हसून विषय बदलेल. ती जे म्हणेल ते खरं धरा. ‘तू इतकं मनाला लावून घेऊ नकोस’ हे वाक्य तेवढं टाळा. लावून घेण्यासारखंच आहे ते.

आता तुमच्या दिरांकडे वळू. त्यांचं रांगेचं वाक्य मी हसण्यावारी नेणार नाही. जे लोक कायद्याने, कागदोपत्री स्थलांतर करतात त्यांच्या आयुष्याचा केवढा भाग त्या कागदांमध्ये जातो हे तुमच्या पिढीला सांगायला नको. अमेरिकेचं उदाहरण घ्या. तिथल्या १९९० च्या कायद्याने कायमच्या वास्तव्याच्या परवान्यांवर दर देशामागे वर्षाला ७ टक्क्यांची मर्यादा घातली. म्हणून नोकरीच्या आधारावर अर्ज करणारे भारतीय दशकानुदशकं ताटकळतात. वाट बघता बघता मुलं २१ वर्षांची होतात आणि आईवडिलांच्या अर्जातून गळतात. असं काहीतरी सोसलेल्या माणसाला कोणी बोटीतून उतरताना दिसलं की त्याच्या पोटात तुटतं. ते तुटणं खरं आहे आणि तुमच्या पुतण्याने ते ऐकूनच घेतलेलं नाही.

पण मग प्रश्न येतो, हा राग नेमका कोणावर? त्या उदाहरणातली रांग बोटीतल्या माणसाने लांबवलेली नाही. ती कायद्यातल्या मर्यादेने लांबवली आणि ती मर्यादा तशीच ठेवणाऱ्या सरकारांनी. तिकडे त्या माणसासाठी बहुतेक वेळा रांग नावाची गोष्टच नसते. युद्धातून किंवा छळातून पळणाऱ्याला ‘पळण्याचा व्हिसा’ मिळत नाही. आश्रय मागायचा तर बहुतेक देशांत आधी त्या देशाच्या भूमीवर किंवा सीमेवर पोहोचावं लागतं. म्हणूनच १९५१ च्या निर्वासितांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात ३१ वं कलम आहे. जिथे जीव धोक्यात आहे तिथून थेट आलेल्या आणि विनाविलंब अधिकाऱ्यांसमोर हजर झालेल्या निर्वासिताला, केवळ परवानगीशिवाय शिरला म्हणून शिक्षा करू नये, असं ते कलम सांगतं. येणारा प्रत्येक जण निर्वासित ठरतो असं नाही. अर्ज तपासले जातात, कित्येक नाकारले जातात, आणि नाकारलेल्यांना परत कसं पाठवायचं हा रास्त प्रश्न आहे. पण ‘त्याने रांग मोडली’ असं म्हणण्याआधी त्याच्यासमोर रांग होती का, हे विचारायला हवं.

भाऊजींच्या बोलण्यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. एक, स्वतःला झालेला अन्याय. दुसरी, अनोळखी माणसांबद्दल रोज सकाळी येणारी चित्रफीत. पहिलीबद्दल त्यांच्याशी कोणीच बोलत नाही. म्हणून ते दुसरी पाठवत राहतात, आणि दुसरीला अंगठे मिळतात. हे मी अंदाजाने म्हणत नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या वृत्तमाध्यमांच्या आणि संसद सदस्यांच्या फेसबुक-ट्विटरवरच्या २७ लाखांहून जास्त पोस्ट तपासल्या होत्या. पोस्टमध्ये विरोधी गटाचा उल्लेख करणारा एकेक शब्द वाढला की ती पुढे पाठवली जाण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी वाढत होती. स्वतःच्या गटाबद्दल चांगलं लिहिण्याला अशी धाव नव्हती. माणूस जे पुढे जातं ते लिहायला शिकतो.

निवडणुकीत याचं काय होतं ते अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या स्प्रिंगफील्ड या गावात २०२४ साली दिसलं. त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या ग्रुपवर जे चाललंय त्याचंच ते मोठं रूप आहे. साठेक हजार वस्तीचं, कारखाने बंद पडून ओसरलेलं गाव. काही वर्षांत तिथे हजारो हैतीयन, म्हणजे हैती या कॅरिबियन देशातले लोक आले. बरेचसे तात्पुरत्या संरक्षणाच्या कायदेशीर परवान्यावर होते आणि गोदामांत, कारखान्यांत कामाला लागले होते. गावावर ताण आला, तो खराच होता. दवाखान्यांत गर्दी वाढली, दुभाषे कमी पडू लागले, शाळांमध्ये इंग्रजी न येणारी मुलं वाढली, भाडी चढली. आदल्या वर्षी एका हैतीयन चालकाच्या गाडीची शाळेच्या बसला धडक बसून एक मुलगा दगावला होता. लोक चिडले होते आणि नगरपालिकेच्या बैठकांत तावातावाने बोलत होते.

तेवढ्यात फेसबुकवरच्या एका स्थानिक ग्रुपमध्ये कोणीतरी लिहिलं, की शेजारणीच्या मुलीच्या मैत्रिणीचं मांजर शेजारच्या हैतीयन लोकांनी मारून खाल्लं. तिऱ्हाइताकडून ऐकलेली गोष्ट. पोलिसांनी आणि नगरपालिकेने सांगितलं, असा विश्वासार्ह प्रकार आमच्याकडे नोंदलेला नाही. तरी १० सप्टेंबरला अध्यक्षपदाच्या वादसभेत डोनाल्ड ट्रम्प यांनी कोट्यवधी लोकांसमोर तेच सांगितलं. पुढच्या काही दिवसांत गावातल्या शाळांना, दवाखान्यांना, सरकारी कचेऱ्यांना बॉम्बच्या तीसहून अधिक धमक्या आल्या. सगळ्या खोट्या निघाल्या, पण मुलांना वर्गांतून बाहेर काढावं लागलं. ट्रम्प यांच्याच पक्षाचे असलेले ओहायोचे राज्यपाल माइक डीवाइन यांनी ते म्हणणं खोडून काढलं. मूळ पोस्ट लिहिणाऱ्या बाईंनीही नंतर पश्चात्ताप झाल्याचं सांगितलं. आणि अपघातात गेलेल्या त्या मुलाच्या वडिलांनी जाहीरपणे विनवलं, की माझ्या मुलाचं नाव तुमच्या राजकारणासाठी वापरू नका.

मला यात सर्वांत जास्त काय लागतं सांगू? त्या एका मांजराने गावाच्या खऱ्या तक्रारीही गिळल्या. दुभाष्यांना पैसे कोण देणार, दवाखान्यात डॉक्टर कधी वाढणार, भाडी कशी आवरायची, यावर देशभर बोलायची संधी होती. ती गेली. जो ताण सहन करत होता तो गावकरीही त्या दिवसापासून मांजराची गोष्ट सांगणाऱ्यांत मोजला जाऊ लागला. खोट्या पोस्टने स्थलांतरितांचं तर वाटोळं केलंच, तुमच्या दिरांसारख्या, मनात काही रास्त असलेल्या माणसांचंही केलं. भाऊजींना हे सांगण्यासारखं आहे. ‘तुम्ही खोटं पसरवता’ या वाक्यापेक्षा ‘या व्हिडिओमुळे तुमचा खरा मुद्दा बुडतो’ हे वाक्य त्यांच्या कानात शिरण्याची शक्यता जास्त.

बोटींच्या आणि तांड्यांच्या छायाचित्रांबद्दल एक खूण लक्षात ठेवा. चित्र बहुधा खरं असतं, सोबतची ओळ खोटी असते. १६ जून २०१६ ला, ब्रिटनने युरोपीय संघ सोडायचा की नाही या सार्वमताच्या आठवडाभर आधी, संघ सोडण्याच्या बाजूचे नेते नायजेल फराज यांनी एका जाहिरात फलकाचं अनावरण केलं. त्यावर माणसांची नागमोडी, न संपणारी रांग होती. बघणाऱ्याला वाटावं, ही ब्रिटनच्या दारातली गर्दी. प्रत्यक्षात ते छायाचित्र ऑक्टोबर २०१५ मध्ये क्रोएशिया आणि स्लोव्हेनिया यांच्या सीमेवर काढलेलं होतं, आणि त्यातले लोक युद्धातून निघालेले निर्वासित होते. तेव्हा ग्रुपवर कुठलाही व्हिडिओ आला की दोनच गोष्टी विचारा : कधीचा आणि कुठला? उत्तर नसेल तर तो पुढे जाऊ नये.

पुतण्यालाही एक गोष्ट सांगा, त्याच्या बाजूच्या पोस्टबद्दल. २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीच्या वर्षी टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरात एका इस्लामी केंद्रासमोर एकाच दिवशी, एकाच वेळी दोन जमाव आमनेसामने आले. एक ‘टेक्सासचं इस्लामीकरण थांबवा’ म्हणणारा, दुसरा त्या केंद्राच्या पाठीशी उभा राहिलेला. दोन्ही बोलावणी फेसबुकवरून गेली होती, आणि दोन्ही पानं रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमधल्या एकाच कचेरीतून चालवली जात होती. अमेरिकेच्या सिनेटच्या समितीसमोर २०१७ मध्ये हे उघड झालं. पेटवणाऱ्याला कोण जिंकतो याच्याशी कर्तव्य नव्हतं. समोरच्याला ठेचणारी जी पोस्ट वाचून आपल्या अंगावर आनंदाचा काटा येतो, ती पाठवताना विशेष थांबायला हवं. हे पुतण्यालाही तितकंच लागू.

त्याने ‘वंशद्वेष्टे’ म्हणून काय मिळवलं? स्वतःच्या बाजूचे चार अंगठे. भाऊजी त्या दिवशी काही वेगळा विचार करायला लागले असते, तर त्यांना त्यासाठी आधी सर्वांसमोर हार मानावी लागली असती. थोरल्या माणसाकडून, ग्रुपवर, ते होत नसतं. जोशुआ कल्ला आणि डेव्हिड ब्रूकमन या अमेरिकी अभ्यासकांनी २०२० मध्ये प्रत्यक्ष प्रयोगांवरून जे मांडलं ते मला फार मोलाचं वाटतं. कार्यकर्ते मतदारांच्या दारात गेले आणि कागदपत्रांशिवाय राहणाऱ्यांबद्दल बोलले. जिथे त्यांनी फक्त युक्तिवाद केले, तिथे मतं हलली नाहीत. जिथे समोरच्याला नावं न ठेवता त्याचं ऐकून घेतलं, त्याच्या आणि आपल्या आयुष्यातले प्रसंग एकमेकांना सांगितले, तिथे मतं थोडी मऊ झाली, आणि ती निदान चार महिने तशी राहिली. बदल लहान होता, पण टिकला. हे दोन माणसांच्या संभाषणात झालं, ग्रुपवर नव्हे.

आता तुमचे आकडे. देऊ नका असं म्हणत नाही, पण त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. आल्बेर्तो अलेसिना, अर्मांडो मियानो आणि स्टेफनी स्टँटचेव्हा या अर्थशास्त्रज्ञांनी फ्रान्स, जर्मनी, इटली, स्वीडन, ब्रिटन आणि अमेरिका या सहा देशांत लोकांना विचारलं, की तुमच्या देशात स्थलांतरित किती? सगळीकडे लोकांनी प्रत्यक्षापेक्षा पुष्कळ जास्त सांगितले. मग त्यांना खरा आकडा दाखवला. मतं जवळपास तशीच राहिली. स्थलांतरित किती कष्ट करतात याची माहिती दिली, तर थोडा फरक पडला. कोणी ‘लाखोंनी घुसताहेत’ म्हणालं आणि तुम्ही लगेच तक्ता टाकलात, तर तुम्ही त्यांच्याच विषयाला आणखी एक दिवस दिलेला असतो.

आकड्यांत एक प्रामाणिकपणाही लागतो, आणि तो दोन्ही बाजूंना जड जातो. गुन्हेगारीचंच बघा. टेक्सासच्या अटकनोंदींच्या अभ्यासात कागदपत्रांशिवाय राहणाऱ्यांचं गंभीर गुन्ह्यांतलं प्रमाण तिथे जन्मलेल्या नागरिकांपेक्षा कमी निघालं. जर्मनीच्या २०२३ च्या पोलिस आकडेवारीत मात्र संशयितांमध्ये परकीय नागरिक ४० टक्क्यांच्या आसपास होते, म्हणजे लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्यापेक्षा बरेच जास्त. त्यात परदेशी माणसालाच लागू होणारे प्रवेश-परवान्याचे गुन्हेही धरलेले आहेत. शिवाय परकीयांत तरुण पुरुष जास्त आणि त्यांची वस्ती मोठ्या शहरांत, हेही त्यामागे आहे. तिथल्या इफो या अर्थसंशोधन संस्थेला जिल्हावार आकडे ताडून पाहता, परकीयांचं प्रमाण वाढलं म्हणून त्या भागातली गुन्हेगारी वाढली असं आढळलं नाही. म्हणजे ‘स्थलांतरित गुन्हेच करतात’ हेही टिकत नाही आणि ‘आकड्यांत काहीच दिसत नाही’ हेही टिकत नाही. मजुरीबद्दलही तसंच. १९८० साली क्यूबातून सव्वा लाख माणसं काही महिन्यांत अमेरिकेत आली, त्यातली बरीच मायामीत राहिली. तिथल्या मजुरीवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही असं अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड यांनी दाखवलं. कमी शिकलेल्या पुरुषांची मजुरी पडली असं दुसरे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज बोर्हास म्हणतात. तज्ज्ञांमध्ये हा वाद अजून चालू आहे. तो तुमच्या ग्रुपवर सकाळी सात वाजता मिटणार नाही.

‘हे लोक येऊन मतदान करतात’ असं कोणी टाकलं तर आपल्या देशाच्या निवडणूक आयोगाचा नियम उघडून बघा, दुसऱ्या देशातली बातमी चालणार नाही. न्यूझीलंडमध्ये कायमचे रहिवासी नागरिक नसतानाही कायद्याने मत देतात. ब्रिटनमध्ये तिथे कायदेशीरपणे राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना संसदेच्या निवडणुकीत मताचा हक्क आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय निवडणुकीत नागरिक नसलेल्याने मत देणं गुन्हा आहे. एका देशात खरं ते दुसऱ्यात साफ खोटं असतं.

राजकारणावर सरसकट बंदी? नको. तुम्ही सगळे मतदार आहात. किती लोकांना येऊ द्यायचं, कोणत्या कामांसाठी, कुटुंबाला आणता यावं का, आश्रयाचा अर्ज किती दिवसांत निकाली काढायचा, राहण्याचा खर्च शहराने सोसायचा की केंद्राने, यावर निवडणुकीत बोलायचं नाही तर कधी? आणि संख्या कमी असावी असं वाटणं म्हणजे द्वेष नव्हे. कॅनडाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पुढच्या वर्षीच्या कायम रहिवाशांचं लक्ष्य ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणलं. घरांची टंचाई हे त्यामागचं एक कारण होतं, आणि निर्णय घेणारं सरकार तेच होतं ज्याने आधी लक्ष्य वाढवलं होतं. भाऊजींना ‘कमी करा’ म्हणणाऱ्या पक्षाला मत द्यायचं असेल तर तो त्यांचा अधिकार आहे. तो तुम्ही ग्रुपवर स्पष्ट शब्दांत मान्य करा. त्याने अर्धा ताण उतरेल.

बंदी हवी ती दोनच गोष्टींवर, आणि ती ॲडमिन म्हणून तुमच्या नावाने जाऊ द्या. असं काहीसं लिहा : ‘निवडणुकीबद्दल बोलायला इथे कोणालाही मनाई नाही. कोणाला मत देणार, का देणार, जरूर सांगा. फक्त कधीचा आणि कुठला हे माहीत नसलेला व्हिडिओ टाकू नका, आणि कुठल्याही माणसांच्या समूहाला किडे, झुंड, घाण असं म्हणू नका. एकमेकांनाही शिव्या नकोत. तसं काही आलं तर मी काढून टाकेन, कोणाचंही असलं तरी.’ मग खरंच काढा. व्हॉट्सॲपवर ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो. पहिल्यांदा काढाल तेव्हा त्या माणसाला खासगीत एक ओळ लिहा, का काढला ते. पुतण्याचं ‘वंशद्वेष्टे’ही याच नियमात बसतं, आणि पहिलं त्याचंच निघालं तर भाऊजींना नियम पटायला सोपं जाईल.

त्यांनी काही टाकलं की प्रत्येक वेळी उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. पण कधीकधी द्यावं, गप्प बसलेल्या माणसांसाठी. अंगठे देणारे पाच-सहा असतील, वाचणारे बाकीचे सगळे. एकदाच, थोडक्यात, आणि मग फोन बाजूला. ‘भाऊजी, हा व्हिडिओ कुठला ते मला सापडलं नाही, म्हणून मी पुढे पाठवत नाही. पण घरांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, त्यावर कोणता पक्ष काय करणार ते शोधते.’ आणि शोधाच. त्यांच्या मुद्द्यातला जेवढा भाग खरा आहे तेवढा उचलून धरला, की उरलेला त्यांनाच वेगळा दिसायला लागतो.

आता यजमानांकडे येते. तुमच्या पत्रात ते एकदाच येतात, सुनेची हकीकत ठाऊक असलेल्या तिघांपैकी एक म्हणून. ते ग्रुपवर आहेत, भावाचं सगळं वाचतात, आणि त्यांनी काही केलं असं तुम्ही लिहिलेलं नाही. ताई, हा फोन त्यांनी करायचा आहे. भाऊजी त्यांचे सख्खे थोरले भाऊ, दोघांनी मिळून ते सुरुवातीचे दिवस काढलेत. भावजयीने सांगितलं तर ‘ही पुतण्याच्या बाजूची’ असं होईल. भावाने सांगितलं तर तसं होणार नाही.

फोनवर सुरुवात व्हिडिओपासून नको. ‘दादा, तुझा कायमचा परवाना किती वर्षं रखडला होता रे? तेव्हा वहिनी आणि मुलं कशी राहिली?’ इथपासून. त्यांना बोलू द्यायचं. अर्धा तास गेला तरी जाऊ द्यायचा. हे त्यांना गेल्या कित्येक वर्षांत कोणी विचारलेलं नसेल, मुलांनी तर नाहीच. त्या दिवसांत त्यांना कोणी मदत केली, कोणी खोली दिली, कोण अर्ज भरून द्यायचं, हेही विचारायचं. मग आपली बाजू : ‘मला तुझा राग कळतो. सरकारने कामं जलद करावीत असं मलाही वाटतं. पण ग्रुपवर येतं त्यात सरकारबद्दल काहीच नसतं, नुसतं माणसांबद्दल वाईट असतं. मला ते वाचवत नाही.’ इथे थांबायचं. ‘आपल्या घरातही कोणीतरी असू शकतं’ असलं वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. भाऊजी हुशार असतील तर त्यांना तेवढं पुरेल. यजमानांना हे आधीच बजावून ठेवा.

एका फोनने ते थांबतील असं मी म्हणणार नाही. कमी होईल, कदाचित. नाही झालं तर नियम आहे, आणि मतदान होईपर्यंत ग्रुप म्यूट करण्याची सोय आहे. लग्न-मुंज, आजारपण, कोण कधी कुठे पोहोचलं, एवढ्यासाठी वेगळा ग्रुप काढा. त्यात सुनेला आधी घ्या आणि तिथे फॉरवर्ड बंद ठेवा. जुन्या ग्रुपमधून तिला बाहेर पडायचं असेल तर पडू द्या. कोणी विचारलं तर उत्तर मुलाने किंवा तुम्ही द्या, तिच्यावर सोडू नका. कारण सांगायचीही गरज नाही, ‘फार मेसेज येतात’ हे सगळ्यांना पटतं. आणि भाऊजींनी कधी थेट विचारलंच, की सुनेला माझ्या बोलण्याचं वाईट वाटलं का, तर ‘मला वाईट वाटलं’ एवढंच सांगा. ते खरंही आहे.